सत्याची पारख आणि शेजाऱ्याची सेवा
(वाचनासाठी: १ शमुवेल, अध्याय ५ व ६)

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात पलिष्ट्यांच्या नगरांवर आलेल्या एका मरीचा वृत्तान्त आहे. इस्राएलाशी लढून पलिष्ट्यांनी कराराचा कोश हस्तगत केला होता. तो त्यांनी अश्दोदास नेला, तेथून गथास, तेथून एक्रोनास. आणि जेथे जेथे तो गेला तेथे तेथे लोकांच्या अंगावर गाठी उठून माणसे मरू लागली. शेवटी त्यांनी आपले याजक व दैवज्ञ बोलाविले आणि उपाय विचारला. त्या याजकांनी जे सांगितले त्यातील दोन गोष्टी आमच्या वाचकांनी पुन्हा एकवार लक्षपूर्वक वाचाव्या, अशी आमची विनंती आहे.

पहिली ही की, कोशाबरोबर पाठवावयाच्या अर्पणात गाठींच्या सोन्याच्या प्रतिमा होत्या, तशाच उंदरांच्याही होत्या. म्हणजे गाठ आणि उंदीर ह्यांची सोबत त्या लोकांच्या ध्यानात आली होती. तो रोग कोणता हे तेथे नावाने सांगितलेले नाही. तथापि तो प्लेग असावा असे कित्येक विद्वानांचे अनुमान आहे.

दुसरी गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे. याजक म्हणाले की, नुकत्या व्यालेल्या व कधी जुवाखाली न गेलेल्या दोन गाई नव्या गाडीस जुंपा, त्यांची वासरे घरी कोंडून ठेवा आणि गाडीवर कोश ठेवून गाई मोकळ्या सोडा. त्या सरळ बेथ-शेमेशाच्या वाटेस लागल्या तर हे अरिष्ट इस्राएलाच्या देवाकडून आले असे समजा. न लागल्या तर ते सहज घडले असे समजा. आमच्या शेतकरी बंधूंस ह्यातील मर्म उकलून सांगावे लागत नाही. व्यालेली गाय वासराकडे ओढ घेणार, आणि न शिकविलेले जनावर जू झुगारणार, हे कोणासही ठाऊक आहे. म्हणूनच त्यांनी अशी कसोटी निवडली की, तिच्यातून आपल्याला हवे ते उत्तर आपोआप निघू नये. त्यांनी दोन्ही पक्ष आधी बोलून दाखविले, कोणत्या खुणेवरून कोणता पक्ष खरा मानावयाचा हे आधी ठरविले, आणि मग जे घडले ते मान्य केले.

बंधुभगिनींनो, विज्ञान म्हणतात त्याचा गाभा हाच आहे. विज्ञान म्हणजे आगगाडी नव्हे, विजेचा दिवा नव्हे, हातातला दूरध्वनीही नव्हे. ही सारी त्याची फळे होत. झाड पाहू गेल्यास ते एक प्रकारची सत्यनिष्ठा आहे. 'मला असे वाटते' येथे न थांबता 'ते तसे आहे की नाही हे कशावरून कळेल?' असा प्रश्न करावयाचा, उत्तर आपल्याविरुद्ध गेले तरी ते स्वीकारावयाचे, आणि आपण काय केले ते उघड मांडून दुसऱ्यासही तपासू द्यावयाचे, ही त्याची रीत.

असे असूनही आमच्या मंडळ्यांत दोन शंका वारंवार ऐकू येतात. कोणी म्हणतो, 'देवावर भरवसा असेल तर लस कशाला टोचून घ्यावी? तो अविश्वास नव्हे काय?' दुसरा म्हणतो, 'हे शास्त्रवेत्ते आज एक सांगतात, उद्या दुसरे सांगतात. त्यांच्या बोलण्यावर विसंबावे कसे?' ह्या शंका टाकाऊ नाहीत. त्यांचे उत्तर आम्ही तर्काने न देता आपल्याच देशात घडलेल्या एका इतिहासावरून देऊ इच्छितो. तो प्लेगाचाच इतिहास आहे.

सन १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात काही रोगी ज्वराने व जांघेतील गाठीने पटापट मरू लागले. हा प्लेग आहे, असे प्रथम ओळखून निर्भयपणे सांगणारे डॉक्टर म्हणजे मूळचे गोव्याचे आकासियो व्हिएगस. पुष्कळांना ते खरे वाटले नाही, कारण ते खरे असावे अशी कोणाचीच इच्छा नव्हती. पण मनुष्याच्या इच्छेने रोगाचे नाव बदलत नाही. पुढील वीस-पंचवीस वर्षांत ह्या रोगाने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली. कित्येक गावे उठून रानात झोपड्या बांधून राहिली.

त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात वाल्देमार हाफकिन नावाचे एक यहूदी शास्त्रवेत्ते मुंबईस आले. त्यांचा जन्म १८६० साली ओडेसा येथे झाला होता, व पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी काम केले होते. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक खोली व तिच्यापुढची पडवी, एवढ्या जागेत त्यांनी प्रयोग मांडले. प्लेगाचा जंतू १८९४ साली हाँगकाँग येथे ओळखला गेला होता. हाफकिन ह्यांनी तो मांसाच्या रश्शात वाढविला. रश्शावर तुपाचे थेंब तरंगत सोडले की, त्या थेंबांच्या आधाराने जंतू खाली लोंबत भरभर वाढत, हे त्यांनी पाहिले. मग ते जंतू उष्णतेने मारून त्यांची लस केली. जंतू मेलेला असल्यामुळे तो रोग उत्पन्न करीत नाही; पण शरीर त्याची ओळख ठेविते, आणि पुढे जिवंत शत्रू आला असता त्याच्याशी झुंजावयास सिद्ध असते.

आता ही लस सुरक्षित आहे हे कशावरून? १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन ह्यांनी ती प्रथम आपल्या स्वतःच्या अंगात टोचून घेतली, आणि तीही पुढे लोकांस दिलेल्या मात्रेहून मोठ्या मात्रेने. त्यांस ताप आला, वेदना झाल्या, परंतु ते बरे झाले. जे ओझे आपण उचलीत नाही ते दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवू नये, हा धडा शास्त्र्यांस व परूश्यांस उद्देशून प्रभूने दिला होता. तो ह्या विद्वानाने आपल्या कृतीने पाळला.

परंतु ती सुरक्षित आहे एवढ्याने ती उपयोगी आहे असे ठरत नाही. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील कैद्यांपैकी जे पुढे आले त्यांस लस टोचली. सुमारे निम्मे तशीच राहिले. अन्न एक, पाणी एक, कोठड्या एक. फरक तेवढा लसीचा. शेतकरी नवे खत पारखताना एकाच वाफ्याच्या एका अंगास ते घालतो व दुसऱ्या अंगास घालीत नाही, तसाच हा प्रकार. टोचण्याच्या दिवशीच ज्यांस रोग जडलेला होता ते वगळून मोजले तेव्हा असे दिसले की, न टोचलेल्यांत १२ जणांस प्लेग झाला व त्यातील ६ दगावले; टोचलेल्यांत २ जणांस झाला व एकही दगावला नाही. लस म्हणजे अभेद्य कवच नव्हे, हेही त्याच आकड्यांत लिहिलेले आहे, आणि ते झाकून ठेविले गेले नाही. कैद्याची संमती कितपत मोकळी असते, असा प्रश्न आज विचारतात. तो विचारणे योग्यच आहे, व त्यामुळे पुढे अशा प्रयोगांचे नियम कडक झाले आहेत.

येथे पहिल्या शंकेचे उत्तर येते. ज्या देवाने रोगाच्या घडणीत नियम घातला त्यानेच तो नियम शोधणारी बुद्धी दिली. शेत नांगरून, पेरून, राखण करून मग पिकासाठी प्रार्थना करणाऱ्यास कोणी अविश्वासी म्हणत नाही. न नांगरता प्रार्थना करणाऱ्यास मात्र आपण आळशी म्हणतो. लस टोचून घेणारा देवाची परीक्षा पाहत नाही. उलट, दिलेला उपाय टाकून 'देव मला वाचवील' म्हणणारा ती पाहतो. मंदिराच्या शिखरावरून उडी घे असे सैतानाने सुचविले, तेव्हा प्रभूने काय केले ते आठवावे.

दुसऱ्या शंकेसाठी पुढचा भाग पाहू. १८९७ साली हा रोग माणसास कसा लागतो हे निश्चित ठाऊक नव्हते. कोणी दूषित हवेस दोष देई, कोणी जमिनीस, कोणी धान्यास. घरांस चुना दिला, कार्बॉलिकचे पाणी शिंपडले, सामान जाळले. तरी रोग हटला नाही. १८९८ साली पॉल-लुई सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टराने कराचीस एक साधा प्रयोग केला. प्लेगाने आजारी पडलेला उंदीर पिसवांसह एका मोठ्या काचपात्रात ठेविला. तो मेल्यावरही पिसवा तेथेच राहू दिल्या. निरोगी उंदीर जाळीच्या पिंजऱ्यात घालून असा टांगला की त्याचा मेलेल्यास स्पर्श होऊ नये, परंतु पिसू मात्र उडून जाऊ शकावी. थोड्याच दिवसांत तो उंदीरही प्लेगाने मेला. सिमाँ ह्यांनी हे प्रसिद्ध केले, पण कित्येक वर्षे मोठमोठ्या विद्वानांनीही ते मानले नाही. मग १९०५ पासून मुंबईस संशोधक मंडळाने पुन्हा परीक्षा केली. प्लेगाच्या घरांत पिंजरे ठेवून पाहिले, तो ज्या प्राण्यांस पिसवांपासून राखले ते वाचले, आणि जे उघडे राहिले त्यांतील कित्येकांस रोग झाला. तेव्हा जुने मत सोडून सर्वांनी नवे मत धरले.

ह्यास 'आज एक, उद्या दुसरे' म्हणावयाचे काय? होय, म्हणावे, परंतु ते निंदेने म्हणू नये. गावातला भगत आपले म्हणणे कधीच बदलीत नाही. रोगी बरा झाला तर अंगाऱ्याचा गुण, मेला तर नवस चुकला. दोहों बाजूंनी तो खराच. ज्याचे म्हणणे कोणत्याही प्रसंगाने खोटे ठरू शकत नाही, त्याने काहीच सांगितले नाही असे समजावे. जे ज्ञान चूक सापडताच ती सुधारते त्यावर विसंबता येते, कारण ते आपल्या अब्रूपेक्षा सत्यास मोठे मानिते. शिवाय हेही लक्षात ठेवावे की, बदलते ते सर्वच बदलत नाही. उंदीर पडू लागले की घर सोडावे, हे आमच्या अडाणी म्हटल्या गेलेल्या खेडुतांस प्रयोगशाळेच्या आधीपासून ठाऊक होते. विज्ञानाने ते खोटे ठरविले नाही. ते खरे का, एवढे सांगितले. उंदीर मेला की उपाशी पिसू माणसाकडे वळते, हे ते कारण.

तथापि चूक सुधारण्याचे काम आपोआप होत नाही. त्यासाठी माणसे प्रामाणिक असावी लागतात. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल नावाच्या गावी (हे गाव आता पाकिस्तानात आहे) १०७ जणांस लस टोचली गेली. त्यांतील एकाच बाटलीतून टोचलेल्या १९ जणांस धनुर्वात झाला, आणि ते सर्वच्या सर्व मेले. तेवढ्या घरांत आकांत उडाला. चौकशी झाली, दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेवण्यात आला, व हाफकिन ह्यांस कामावरून दूर केले. परंतु साक्षीपुराव्याचे कागद पुढे प्रसिद्ध झाले तेव्हा इतर शास्त्रवेत्त्यांनी ते बारकाईने वाचले. त्या दिवशी इतर बाटल्यांतून टोचलेल्या ८८ जणांपैकी कोणासही धनुर्वात झाला नव्हता. बाटली उघडतेवेळी तिला घाण येत नव्हती. धनुर्वाताचा जंतू तिच्यात कित्येक आठवडे वाढत राहिला असता तर ती आली असती. आणि त्याच बाटलीचे बूच काढण्यापूर्वी तेथील मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, व तो नीट निर्जंतुक न करिता कार्बॉलिकच्या पाण्यात नुसता बुडवून वापरला गेला होता. मलेरिया डासांवाटे पसरतो हे सिद्ध करणारे रोनाल्ड रॉस व इतर विद्वान ह्यांनी १९०७ साली लंडनच्या 'टाइम्स' पत्रात हे उघडपणे मांडले, आणि त्याच वर्षी हाफकिन ह्यांच्यावरील आळ दूर झाला. ते पुन्हा हिंदुस्थानात आले, पण मुंबईस नव्हे, तर कलकत्त्यास. त्यांची मोलाची वर्षे व्यर्थ गेली होती. परळच्या त्या प्रयोगशाळेस १९२५ साली त्यांचे नाव दिले गेले. ते आजही आहे.

ह्यावरून दोन गोष्टी शिकावयाच्या. एक, मातीत पडलेला एक चिमटा १९ जीव घेऊ शकतो. म्हणून लहान कामही देवासमोर करीत आहो असे समजून करावे. दुसरी, आळ घेणे सोपे व पुरावा वाचणे कठीण. ज्या मंडळीत कोणा बंधूविरुद्ध कुजबुज उठते, तेथे पंचांनी निवाड्याआधी सर्व कागद वाचावे आणि सर्व साक्षी ऐकाव्या. हे विज्ञानाचेही शिक्षण आहे, आणि खोटी साक्ष देऊ नये असे सांगणाऱ्या आज्ञेचेही.

आता ह्या विषयाच्या सर्वांत अवघड भागाकडे वळू. ज्ञान सापडले म्हणजे समाजाचे हित झालेच असे नाही. १८९७ च्या फेब्रुवारीत सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला, आणि पुण्यास रँड नावाच्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली गोऱ्या शिपायांकरवी घरझडत्या सुरू झाल्या. देवघरात, माजघरात बूट शिरले. स्त्रियांची विटंबना झाली. रोगी घरच्यांपासून ओढून नेले. पंडिता रमाबाईंनी पुण्याच्या प्लेगाच्या बंदोबस्ताविरुद्ध त्याच वर्षी वृत्तपत्रात निर्भीडपणे लिहिले. लोक रोगापेक्षा उपायास अधिक भिऊ लागले, रोगी लपवू लागले, आणि २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळ्या झाडण्यात आल्या. ते ३ जुलै रोजी मेले. खून हा खूनच आहे, व आम्ही त्याचे समर्थन करीत नाही. परंतु वाचकांनी एक ध्यानात आणावे. ज्या वर्षी हे शिपाई लोकांच्या चिंध्या जाळीत होते, त्या वर्षी पिसवेची गोष्ट कोणासच ठाऊक नव्हती. अधुऱ्या ज्ञानाने पूर्ण सत्ता गाजविली. ज्ञानाने नम्र व्हावयाचे, तो ते उन्मत्त झाले.

त्याच वर्षी, त्याच पुण्याजवळ, दुसरेही एक दृश्य होते. सावित्रीबाई फुले ह्यांनी आपले डॉक्टर पुत्र यशवंतराव ह्यांजकडून शहराबाहेर रोग्यांसाठी दवाखाना चालविला. ज्यांस कोणी शिवेना त्यांस त्या स्वतः तेथे घेऊन येत. रोग्यांची सेवा करिताना त्यांस प्लेग जडला, आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. पिसवेचे ज्ञान त्यांसही नव्हते. परंतु त्यांच्या दारी रोगी लपविले गेले नाहीत. ते आणले गेले.

ह्यावरून ज्ञान नसले तरी चालेल, प्रीती पुरे, असा अर्थ कोणी काढू नये. ते ज्ञान त्या काळी सर्वांच्या हाती असते तर किती सेवक वाचले असते! आमचे म्हणणे इतकेच की, उंदराची पिसू रोग आणते हे विज्ञान सांगते. पण महारवाड्यातले पोर दवाखान्यात कोणी उचलून न्यावे, हे ते सांगत नाही. लस कशी करावी हे ते सांगते. ती प्रथम कोणाच्या दंडास टोचावी, हे हाफकिन ह्यांच्या सदसद्विवेकाने सांगितले. यरीहोच्या वाटेवर पडलेल्या मनुष्याच्या जखमांवर तेल व द्राक्षारस ओतणे हे त्या काळचे वैद्यक होते. पण वाटेने जाणाऱ्या ज्या दोघांनी त्याला टाळले, ते काही औषधाच्या अभावी पुढे गेले नाहीत. म्हणून पारख व दया ह्यांची फारकत होऊ देऊ नये. पारखेवाचून दया आंधळी, दयेवाचून पारख निष्ठुर.

आणि पाहा, ह्या एका रोगाच्या इतिहासात देवाने किती प्रकारची माणसे एकत्र कामास लाविली! रोग ओळखणारे गोव्याचे ख्रिस्ती, लस करणारे यहूदी, प्रयोगशाळेस आपला बंगला देऊन स्वतः उघडपणे टोचून घेणारे मुसलमानांचे पुढारी आगाखान, सेवा करिताना देह ठेवणाऱ्या सत्यशोधक सावित्रीबाई. सत्याला जात नाही, आणि ते कोणाच्याही हातून आले तरी देणारा एकच आहे. 'हा आमच्यातला नाही, ह्याचे कशाला ऐकावे?' असे म्हणणारा आपलेच नुकसान करितो. हाफकिन स्वतः पुढे आपल्या पूर्वजांचा धर्म मोठ्या निष्ठेने आचरू लागले. विज्ञान शिकलेला मनुष्य देवास मुकतोच, हा समजही ह्यावरून खोटा ठरतो.

प्लेग ही जुनी गोष्ट झाली असे कोणी मानू नये. १९९३ सालच्या भूकंपानंतर मराठवाड्यात उंदीर फार माजले, आणि १९९४ च्या ऑगस्टात बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीच्या तापाचे रोगी आढळले. पुढच्याच महिन्यात सुरतेस प्लेगाची हाकाटी होऊन लाखो लोक शहर सोडून पळाले. पळणाऱ्यांत डॉक्टरही होते. वास्तविक ह्या रोगावर तोपर्यंत गुणकारी औषधे होती, आणि वेळीच घेतल्यास ती प्राण वाचवितात. औषध हाती होते. धीर व खरी बातमी ह्यांची मात्र टंचाई पडली.

म्हणून आमच्या उपदेशक बंधूंस व मंडळ्यांच्या वडीलधाऱ्यांस आमची कळकळीची सूचना आहे. गावात रोग आला म्हणजे प्रथम खरी बातमी मिळवा. आरोग्य केंद्रात जाऊन विचारा, आणि जे स्वतः विचारून घेतले नाही ते व्यासपीठावरून सांगू नका. घरात उंदीर मरून पडू लागले तर त्यांस हात लावू नका, मुलांस लावू देऊ नका, व ताबडतोब वर्दी द्या. धान्याच्या कणग्या व वळचणी स्वच्छ राखा. लस घेण्याची पाळी आली तर उपदेशकाने व पाटलाने सर्वांपुढे आधी आपला दंड पुढे करावा, आणि मग लोकांस सांगावे. जो भितो त्याला हसू नका. त्याच्या ओसरीवर बसून त्याची शंका पुरती ऐका, आणि जे ठाऊक आहे तेवढेच सांगा. आणि जो आजारी पडला त्याच्या दारावरून कोणी तोंड फिरवून जाऊ नये.

थोमाने पाहिल्यावाचून विश्वास ठेवण्यास नकार दिला, तेव्हा प्रभूने त्याला मंडळीबाहेर घालविले नाही. त्याने आपले हात पुढे केले. सत्य तपासणीस भीत नाही. पण ज्या हातांकडे प्रभूने त्याचे लक्ष वेधले ते घायाळ हात होते, हे आपण विसरू नये. ज्ञानाची खूण डोळ्यांत दिसते, प्रीतीची खूण हातांवर दिसते. ही दोन्ही आमच्या प्रत्येक खेड्यातील मंडळीत आढळोत, अशी आमची प्रार्थना आहे. आमेन.